जाळी उतरवण्याची किंमत

एका मच्छरदाणीत किती ससाणे मावतात, हा प्रश्न कुणाला पडण्याचं काही कारण नाही. मला पडला तो २०१२ च्या नोव्हेंबरात, पुण्यात, कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या. नागालँडच्या वोखा जिल्ह्यातून काही छायाचित्रं आणि एक छोटी चित्रफीत बाहेर आली होती. झाडीत मच्छरदाणी बांधलेली, आपण घरी पलंगावर लावतो तसलीच. तिच्या आत जिवंत पक्षी, एकमेकांवर चढलेले, पंख अडकलेले. पुढच्या चित्रांत पिसं उपटलेल्या पक्ष्यांच्या रांगा धुरावर धरलेल्या. त्याच्याही पुढे, पक्ष्यांच्या जुड्या बांधून गावाकडे निघालेली माणसं. चोरून काही चाललंय असा भाव कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. भाजीच्या जुड्या घेऊन बाजाराला जावं इतकं ते सरळ होतं. मला जास्त त्रास झाला तो बहुतेक त्या सरळपणाचाच.

ही हकिगत बाहेर आणणारी माणसं चार: नागालँडमधल्या पत्रकार बानो हरालू, छायाचित्रकार आणि निसर्ग-कार्यकर्ते रामकी श्रीनिवासन, पक्षीअभ्यासक शशांक दळवी आणि रोकोहेबी क्वोत्सु. ऑक्टोबरच्या अखेरीला ते दोयांग धरणाच्या जलाशयावर पोचले, तेव्हा काठाकाठानं मासेमारीची जाळी ताणलेली होती. फक्त ती पाण्यात नव्हती. झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवर, बरोबर पक्ष्यांच्या वाटेत होती. सकाळी चरायला निघताना आणि संध्याकाळी रातथाऱ्याला परतताना ससाण्यांचे थवेच्या थवे त्यात अडकत. जाळी लावणारे साठ-सत्तर गट, प्रत्येक गटाच्या हाती दिवसाला १८० हून जास्त पक्षी, असा हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे ऐन भरात रोज १२ ते १४ हजार, आणि हंगामात सव्वा लाखाच्या आसपास. अंदाज हा अंदाजच असतो हे मला मान्य आहे. कुणी उभं राहून एकेक पक्षी मोजला नव्हता. पण या आकड्याला निम्म्यानं कापला तरी जे उरतं ते कमी होत नाही.

पक्षी होता अमूर ससाणा. ससाणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बहिरी ससाण्यासारखा, कबुतराला हवेत झडप घालणारा रांगडा गडी येतो. हा तसा नाही. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. नर राखाडी, मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी, पाय लालकेशरी, आणि उडताना पंखांखाली चटकन दिसणारा पांढरा रंग. मादी खालून फिकट, तिच्यावर काळपट ठिपके आणि पट्टे. खाणं मुख्यतः किड्यांचं. उन्हाळ्यात हे पक्षी आग्नेय सायबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनमध्ये वीण करतात, बहुतेकदा कावळ्यांनी किंवा मॅगपाय पक्ष्यांनी सोडून दिलेल्या घरट्यांत. थंडी पडू लागली की निघतात, आणि हिवाळा काढतात तो थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे. जाऊन-येऊन वर्षाला २० हजार किलोमीटरहून जास्त. वाटेत अरबी समुद्र आणि हिंदी महासागर लागतो. तिथे टेकायला जागा नाही, आणि गोड्या पाण्यावर जगणारा किडा समुद्रावर सापडायचा कुठून?

सापडतोही कदाचित. मालदीवमध्ये काम करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये एक कल्पना मांडली. भारतातून दर वर्षी असंख्य चतुर वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात आणि मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेकडे जातात. अमूर ससाणे समुद्र ओलांडतात तेही त्याच सुमाराला, त्याच वाऱ्यावर. तेव्हा वाटेतली शिदोरी म्हणून ते हे चतुर खात असावेत. हे शंभर टक्के सिद्ध झालंय असं म्हणता येणार नाही. पण ऑक्टोबरच्या उन्हात आपल्या सोसायटीच्या गच्चीवर जे पिवळसर चतुर घिरट्या घालतात, त्यांच्याकडे मी तेव्हापासून जरा आदरानं बघते.

समुद्रावर काही मिळो न मिळो, निघण्याआधी अंगावर चरबी चढवावीच लागते. ती चढते ईशान्य भारतात. पावसाळा संपताना तिथल्या डोंगरांत वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून ढगासारखे वर येतात. महिनाभर, काही पक्षी त्याहून कमी, ससाणे त्यांच्यावर ताव मारतात. रात्री सगळे एकत्र येऊन जलाशयाकाठच्या झाडांवर बसतात. दोयांगच्या एका परिसरात एका हंगामात येणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज दहा लाखांपर्यंत जातो. शिकारी पक्ष्यांचा एवढा मोठा मेळावा जगात दुसरीकडे क्वचितच भरत असेल.

तिथून निघाल्यावर ते द्वीपकल्प आडवं कापून पश्चिम किनाऱ्याकडे येतात. म्हणूनच नोव्हेंबर संपता संपता लोणावळ्याच्या पठारांवर आमच्यातले पक्षीवेडे माना वर करून उभे असतात. मीही त्यांत असते. घाटमाथ्यावर वाळत चाललेलं गवत, खाली कोकणाची धुरकट पोकळी, आणि हवेत चतुर टिपणारे पाच-पन्नास लहानखुरे ससाणे. चतुर पायात पकडायचा, उडता उडताच चोचीकडे न्यायचा, पंख खाली टाकून द्यायचे. दोन-चार दिवस हा खेळ चालतो, आणि मग एके सकाळी आभाळ रिकामं. आमच्या ग्रुपवर लगेच चर्चा सुरू होते की गेले का, की अजून मागून येतायत. २०१२ च्या आधीही मी त्यांना पाहिलं होतं. ते आधी कुठे थांबून आले हे मात्र माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं. पाहुणा घरी आला की त्याला आपण वाटेत काय काय झालं ते विचारतो, पक्ष्याच्या बाबतीत तेवढंही केलं नव्हतं.

आता जाळ्यांकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

दोयांगचं धरण जलविद्युत प्रकल्पाचं, ७५ मेगावॅटचं, २००० साली सुरू झालेलं. पांगती हे गाव लोथा नागांचं. धरणाच्या पाण्यात या भागातल्या गावांची शेतीची जमीन गेली, आणि शेती करणाऱ्यांनी हातात मासेमारीची जाळी घेतली. त्याच पाण्यावर, त्याच काठाच्या झाडांवर ससाणे मोठ्या संख्येनं उतरू लागले. इतके पक्षी पूर्वी येत नव्हते, धरणानंतर यायला लागले, असं तिथले लोक सांगतात. म्हणजे पाणी धरणाचं, जाळी मासेमारीची, पक्षी आयते, आणि दारात येऊन पक्षी विकत घेणारं गिऱ्हाईक. या चार गोष्टी एकत्र आल्यावर जे घडलं ते घडायला कुणी दुष्ट असण्याची गरज नव्हती. वर्षभराच्या ओढाताणीत तीन-चार आठवडे हातात रोख पैसा येत होता. पोरांच्या फिया त्यातून निघत.

हे वाचताना मला उजनी आठवली. माझ्या आत्याच्या सासरचं गाव भीमेच्या काठी होतं, ते उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पाणी फार खाली गेलं की पळसदेवच्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. बाकी जे बुडालं ते बुडालं. आत्याचे दीर, आम्ही त्यांना नाना म्हणतो, आधी शेतकरी होते, नंतर नावेवर मासे धरायला लागले. आता भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला शनिवार-रविवारी गर्दी लोटते. तिकडच्या कित्येक मच्छीमारांच्या नावा पक्षी दाखवायला जातात. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब ते पाहुण्यांना बोट दाखवून ओळखून देतात. आणि त्याच जलाशयात कुठेतरी रात्री जाळं लावून बदकं धरल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. एकाच पाण्यावर दोन्ही धंदे. कोणाच्या नावेला पाहुणे मिळतात आणि कोणाला नाही, यावर बरंच काही अवलंबून असतं, असं नाना म्हणतात. मी याहून बारकाईनं त्यांना विचारलेलं नाही, त्यांनाही ते सांगायची फार हौस दिसली नाही.

त्या नोव्हेंबरात चित्रफितीखाली लोकांनी जे लिहिलं ते वाचून मी पक्ष्यांवरून माणसांकडे वळले. ‘हे लोक काहीही खातात’ हा सूर पहिल्या पाच-दहा प्रतिक्रियांतच लागला होता. त्यात मराठी नावं भरपूर होती. मला श्रीगोंद्याकडचं आजोळ आठवलं. तिथे दिवाळीच्या सुट्टीत एक पारधी बाप्या दारात यायचा. त्याच्या हातात पाय बांधलेले जिवंत लावे, कधी तितर. आजी सुपातून ज्वारी द्यायची, तो लावे द्यायचा. संध्याकाळी चुलीवर कालवण. आम्हा पोरांना एकेक पाय मिळायचा, हाडं सुईसारखी, मांस नावाला. घरातलं कुणी याला शिकार म्हणत नव्हतं. लाव्यांच्या काही जाती इथल्याच, पण पाहुणा लावा हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा, म्हणजे तोही स्थलांतरितच. त्या लाव्यांत कोण कुठला होता, हे आजीला काय किंवा बाप्याला काय, ठाऊक असायचं कारण नव्हतं. दीडशे ग्रॅमच्या ससाण्याला खाणारा रानटी आणि शंभर ग्रॅमच्या लाव्याला खाणारे आम्ही सुसंस्कृत, ही वाटणी मला तेव्हाही कळली नाही, आजही कळत नाही.

फासेपारध्यांच्या कपाळी इंग्रजांनी गुन्हेगार जमात म्हणून शिक्का मारला. तो कागदावरून गेला तरी गावाच्या मनातून पुरता गेला नाही. वन्यजीव कायद्यानं १९७२ मध्ये त्यांच्या हातातला फासाही बेकायदा झाला. त्याजागी दुसरं काय द्यायचं, याचा विचार कायद्याच्या पानांत नव्हता. अकोला-वाशीमकडे मात्र ‘संवेदना’ या संस्थेबरोबर याच समाजातल्या लोकांनी गवताळ रानं राखायला घेतली, पावसाळ्यात तिथे येणाऱ्या तणमोरासाठी. तणमोर कुठे नाचतो, कुठे बसतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ज्याला पकडता येतं त्याला राखताही येतं. पण हे आपोआप होत नाही.

असो. मूळ प्रश्न असा, की सव्वा लाख ससाणे मेल्यानं नेमकं काय बिघडलं? हा प्रश्न विचारणं निर्दयपणाचं वाटेल, पण टाळता येत नाही. कारण अमूर ससाणा हा तेव्हाही आणि आजही धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘धोका नसलेला’ पक्षी आहे. लाखोंनी आहे. मग एवढा गदारोळ कशाला?

याचं उत्तर दुसऱ्या एका पक्ष्यात आहे. पिवळ्या छातीचा भारीट हा फिनलंडपासून जपानपर्यंत वीण करणारा चिमणीएवढा पक्षी. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारी-बाजरीच्या रानात येणारा काळ्या डोक्याचा भारीट असतो ना, त्याचाच भाऊबंद. हाही एकेकाळी लाखोंनी होता, आणि २००४ पर्यंत याच्याही नावापुढे ‘धोका नाही’ असंच लिहिलेलं होतं. चीनमध्ये स्थलांतराच्या वाटेवर आणि हिवाळी मुक्कामात त्याला जाळ्यात धरून खात. १९९७ मध्ये तिथे बंदी आली, पण चोरटी विक्री चालूच राहिली. उलट पैसा आला तसं ते चैनीचं खाणं झालं. १९८० ते २०१३ या काळात या पक्ष्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटली असं संशोधकांनी काढलं. फिनलंड-रशियाच्या पश्चिमेकडून तो दिसेनासा होत गेला, जिथे त्याला कुणी हातही लावत नव्हतं. यादीतला त्याचा क्रम दर काही वर्षांनी एक पायरी खाली गेला, आणि २०१७ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’ झाला. तेरा वर्षांत पहिल्या पायरीवरून थेट रानातून नामशेष होण्याआधीच्या पायरीवर.

थव्यानं राहणाऱ्या पक्ष्यांचा हा घात आहे. ते खूप असतात म्हणून ते संपतील असं वाटत नाही. आणि ते एका जागी खूप असतात म्हणूनच त्यांना पकडणं परवडतं. सायबेरियापासून चीनपर्यंत लाखो चौरस किलोमीटरवर पसरलेले ससाणे दोयांगच्या काही किलोमीटरच्या काठावर येऊन एकत्र झोपतात. पसरलेल्या अवस्थेत त्यांना संपवायला फौज लागेल, तिथे साठ-सत्तर गट पुरतात. जोडी वर्षातून एकदाच तीन-चार अंडी घालते. त्यातली पिल्लं पहिल्याच प्रवासात समुद्र ओलांडायला निघतात. त्यांतली किती पोचतात आणि किती परत येतात, या जमाखर्चात वादळ, उपासमार, भरकटणं हे सगळं आधीच धरलेलं असतं. जाळी त्यात धरलेली नसते. उत्तर अमेरिकेतल्या प्रवासी पारव्याचं उदाहरण अनेकदा दिलं जातं, अब्जावधींनी असलेला पक्षी, शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ते उदाहरण आता इतकं घासलं गेलंय की ऐकून कुणाला धक्का बसत नाही. भारीटाचं उदाहरण ताजं आहे. त्यातले शेवटचे पक्षी अजून जिवंत आहेत.

दोयांग हे एकटं नव्हतं हेही सांगायला हवं. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत दर वर्षी १ कोटी १० लाख ते ३ कोटी ६० लाख पक्षी बेकायदा मारले किंवा पकडले जातात, असा बर्डलाइफ संस्थेचा २०१५ चा अंदाज आहे. इजिप्तच्या किनाऱ्यावर कितीतरी किलोमीटर सलग जाळी उभी असतात. सायप्रसमध्ये तर युरोपातून आफ्रिकेकडे निघालेल्या छोट्या वटवट्यांची एक पारंपरिक थाळी आहे. १९७४ पासून तिच्यावर बंदी आहे, तरी हॉटेलांत ती चोरून आणि महाग मिळत राहिली. तिथल्या ब्रिटिश लष्करी तळाच्या हद्दीत पक्षी यावेत म्हणून पक्षी धरणाऱ्यांनी बाभळीच्या जातीची झाडं लावली, त्यांना नळ टाकून पाणी घातलं, आणि रात्री ध्वनिक्षेपकावर पक्ष्यांचे आवाज वाजवले. २०१६ च्या एका शरद हंगामात त्या तळावर ८ लाखांहून अधिक पक्षी मारले गेल्याचा अंदाज होता. लष्कर झाडं काढायला गेलं तर गावकऱ्यांनी रस्ता अडवला. हा युरोपीय संघातला देश, सुखवस्तू, सुशिक्षित. पांगतीच्या लोकांना रानटी म्हणणाऱ्यांनी एकदा सायप्रसचा नकाशा उघडून बघावा.

आणि मग पांगतीनं जे केलं ते बघावं.

चित्रफीत आल्यावर प्रशासन तातडीनं हललं. जाळी जप्त झाली, कोंडलेले पक्षी सोडले गेले. पण एवढ्यानं काही होत नसतं. नागालँडमध्ये तर नाहीच. राज्यघटनेच्या कलम ३७१-अ नुसार तिथे जमीन आणि रूढी यांबाबत लोकांच्या पारंपरिक हक्कांना संरक्षण आहे. जंगलाचा फार मोठा भाग गावांचा, कुळांचा, खाजगी मालकीचा. वनखात्याचा पहारेकरी तिथे उभा राहून हुकूम सोडू शकत नाही, सोडला तरी तो पाळला जाईल याची खात्री नाही. मला आधी वाटायचं, कायदा कमजोर म्हणून तिथे शिकार झाली. आता वाटतं, कायदा कमजोर होता म्हणूनच बोलावं लागलं, आणि बोलल्यामुळेच ती थांबली.

बोलणं म्हणजे काय, तर पांगती, आशा, सुंग्रो या गावांच्या ग्रामपरिषदांशी बैठका. गावबुढ्यांशी म्हणजे गावच्या मुखियांशी, तरुणांशी, जाळी लावणाऱ्यांशी. बानो हरालू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला नागालँड वन्यजीव व जैवविविधता संवर्धन न्यास यात होता, वनखातं होतं, बाहेरच्या संस्था होत्या. शाळांत निसर्गमंडळं सुरू झाली. पोरं घरी जाऊन बापाला विचारू लागली. चर्चनंही हा विषय उचलला, आणि नागा गावात धर्मगुरूचा शब्द म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. गावांनी स्वतः ठराव केले, बंदी घातली, ती मोडणाऱ्याला दंड ठरवला. पहारा गावातल्याच लोकांनी दिला, ज्यांना जाळी कुठे लागतात हे पाठ होतं.

२०१३ च्या हंगामात दोयांगवर एकाही ससाण्याची शिकार झाल्याची नोंद नाही. बारा महिन्यांत हजारोंवरून शून्य. वन्यजीव संवर्धनात इतकी वेगानं फिरलेली गोष्ट मला तरी दुसरी माहीत नाही. आमच्याकडे एखाद्या तलावावरचं अतिक्रमण काढायचं तर फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला याहून जास्त वेळ लागतो.

२०१३ च्याच नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेचे सुरेश कुमार आणि हंगेरीहून आलेले पक्षीतज्ज्ञ यांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे, सौरऊर्जेवर चालणारे उपग्रह टॅग बसवले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. त्यांतल्या नागानं न थांबता साडेपाच दिवसांत साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. नकाशावर त्याचा ठिपका द्वीपकल्प ओलांडून समुद्रात शिरला, तेव्हा आमच्यातले काहीजण रात्री जागून इंटरनेटवर पाहत बसले होते. क्रिकेटचा सामना असल्यासारखे मेसेज येत होते. नागा आणि पांगती पुढच्या वर्षी पुन्हा नागालँडात आले. गावाच्या नावाचा पक्षी आफ्रिकेला जाऊन परत गावात येतो, याचं त्या गावाला काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. नावं ठेवणाऱ्याची मला दाद द्यावीशी वाटते. हजार भाषणांनी झालं नसतं ते एका बारशानं झालं.

यानंतरची गोष्ट सहसा इथेच थांबवतात. केंद्रीय मंत्री येऊन गेल्या, पांगतीला जगाची अमूर ससाणा राजधानी म्हणू लागले, माहितीपट झाले, पुरस्कार आले. आमच्या पक्षीमित्र संमेलनांत हे उदाहरण दिलं नाही असं वर्ष जात नाही. दिलं की टाळ्या पडतात. मीही वाजवल्या आहेत.

पण जाळी उतरवणाऱ्याचा तीन-चार आठवड्यांचा रोख पैसा गेला, तो कुठून भरून आला? पर्यटन, हे उत्तर ठरलेलं. पर्यटक आले, बघायला मनोरे झाले, काही घरांत मुक्कामाची सोय झाली. पण हंगाम महिन्याभराचा. रस्ते डोंगरातले, पावसानं खचणारे. दिमापूरहून तिथे पोचेपर्यंत अंगाचा भुगा होतो असं जाऊन आलेले सांगतात. येणारा पैसा येतो त्यांच्याकडे, ज्यांच्याकडे जास्तीची खोली आहे, गाडी आहे, थोडं हिंदी-इंग्रजी आहे. जाळी लावणाऱ्यांत बहुतेकांकडे यातलं काही नव्हतं. आम्ही पक्षी सोडले, आम्हाला काय मिळालं, असं त्यांच्यातले काही जण पत्रकारांना सांगत आले आहेत. हा सूर मला गैर वाटत नाही. भरपाई मागितली की आपण लगेच म्हणतो, चांगल्या कामाचे पैसे कसले मागता. आपल्याला पगार चांगल्या कामाचाच मिळतो की.

यातला सगळ्यात विचित्र भाग असा, की फायदा कुणाला झाला ते बघायला गेलं तर यादी लांबच लांब निघते. दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्याला, कारण हे ससाणे त्याच्या शेतातले टोळ आणि वाळवी खातात. मंगोलियातल्या कुरणाला. लोणावळ्याच्या पठारावर दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या मला. यातल्या कुणीही पांगतीला काही दिलेलं नाही. स्थलांतरी प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८३ पासून आहे. २०२० मध्ये त्या कराराची परिषद गांधीनगरला भरली तेव्हा यजमान आपणच होतो. पक्षी सगळ्या देशांचा आहे हे त्यात शंभरदा लिहिलेलं असतं. त्याच्या राखणीचा खर्च मात्र ज्या गावावर पक्षी उतरला त्याच्या अंगावर पडतो. करार देशांचे, भार गावाचा. आमच्या ग्रुपात मी एकदा हा विषय काढला होता, की लोणावळ्याच्या दर फेरीमागे काही रक्कम बाजूला काढून तिकडच्या निसर्गमंडळांना पाठवू या. पाठिंब्याचे अंगठे भरपूर आले. पैसे जमले ते सांगण्यासारखे नाहीत, पण पाठवले.

आणि ही गोष्ट एकदा संपून जाणारीही नाही. ससाणे फक्त दोयांगला उतरत नाहीत. नागालँडच्या इतर जिल्ह्यांत, आसाममध्ये उमरांगसोकडे, मेघालयात, मणिपूरच्या तामेंगलाँगमध्ये त्यांचे थारे आहेत. प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागतं, आणि बंदुका घरोघरी आहेत. तामेंगलाँगमध्ये गावांनी ससाण्यांच्या नावानं उत्सव सुरू केला, शिकारीविरुद्ध ठराव केले. २०१८ च्या नोव्हेंबरात तिथे दोन पक्ष्यांना टॅग लावले, एकाचं नाव तामेंगलाँग, दुसऱ्याचं मणिपूर. मणिपूर काही दिवसांतच मारला गेला. टॅगचा ठिपका हलेना म्हणून शोधायला गेले तेव्हा मेलेला सापडला. टॅग नसता तर हे कुणाला कळलंही नसतं, आणि टॅग नसलेले कितीजण असे गेले असतील याला काही माप नाही. तिथल्या लोकांनी जाहीर निषेध केला, वनखात्यानं चौकशी लावली. त्या आठवड्यात पुण्यात आमच्या ग्रुपवर पुन्हा तेच, ‘हे लोक सुधारणार नाहीत.’ मी उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. वाद घालून झालेला होता.

तामेंगलाँग मात्र पुढे गेला आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचला. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, संशोधक पुन्हा त्याच जिल्ह्यात आले. आणखी काही ससाण्यांच्या पाठीवर टॅग चढले. एकाला च्युलुआन या गावाचं नाव दिलं, आणखी एकाला इरांग नदीचं. ते पक्षी हाती लागावेत म्हणून त्यांनाही रातथाऱ्याजवळ जाळीच लावावी लागली.